कॅमेरा बॅग घ्यायचीये, खांद्याला सोसवेल अशी. नाशिककर, जरा सांगा

पाणथळ_वाट :
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. चापडगावच्या बाजूनं आत शिरलो, पाण्यावर धुकं, थापट्या आणि चक्रवाक भरपूर, आणि मध्येच मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला तेव्हा सगळा थवा एकदम उठला, त्यासाठीच तर आपण एवढ्या थंडीत उठून जातो. पण साडेनऊ वाजेस्तोवर डावा खांदा इतका भरून आला की कॅमेरा डोळ्याला लावला की हात थरथरायचा, शेवटचा तास पक्षी बघायच्या मनोऱ्यावर नुसता बसून काढला आणि दुसऱ्या दिवशी मान वळवता येईना.

सामान सांगतो. निकॉन डी ७५००, लांबच्या पक्ष्यांसाठी २००-५०० ची मोठी लेन्स, कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-१४० किट लेन्स, दुर्बीण, ट्रायपॉड, लिटरभर पाणी, डबा. बॅग आहे ती एका खांद्यावरची स्लिंग, चार वर्षांपूर्वी फक्त किट लेन्स होती तेव्हा घेतलेली. मोठी लेन्स त्यात जात नाही म्हणून ती तिच्या पाऊचमध्ये दुसऱ्या खांद्यावर, आणि ट्रायपॉड हातात. नाशिकरोडहून बाईकवर जातो. नांदूर सगळ्यात जास्त, मग अंजनेरीला गिधाडांसाठी, वर्षातून एखाददा मित्रांबरोबर हरिहर किल्ला. बजेट ८ हजारापर्यंत. ऑनलाइन बघितलं तर प्रत्येक बॅगेला चार-साडेचार स्टार आहेत, त्यातून काही कळत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं पाठीवर वागवलीय त्यांनी सांगा, नेमकं बघायचं काय?

चढण_उतार :
दादा, आधी वजन करा. घरात वजनकाटा असेल तर बॅग पाठीला लावून उभे रहा, मग बॅगेशिवाय, वजाबाकी केली की कळलं. तुमची नुसती २००-५०० च २ किलो ३०० ग्रॅमची, कॅमेऱ्याची बॉडी बॅटरीसकट ७२०, किट लेन्स अर्धा किलो, म्हणजे दोन खांद्यांवर मिळून साडेतीन किलो काच आणि धातू झाला, पाणी डबा दुर्बीण ट्रायपॉड अजून वेगळा. एवढं ओझं खांद्यानं घ्यायचं नसतंच, ते कमरेनं घ्यायचं असतं.

मी वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, साल्हेरपासून कळसूबाईपर्यंत, आणि बॅग घेताना एकच गोष्ट पहिली बघतो, कमरपट्टा खरा आहे का. खरा म्हणजे काय, तर रुंद, आत घट्ट फोम असलेला, आणि बॅगेच्या पाठीच्या भागाला नीट जोडलेला. बऱ्याच कॅमेरा बॅगांना नुसती एक इंचाची पट्टी आणि बक्कल असतं, ती बॅग हलू नये म्हणून असते, वजन ती घेत नाही. त्याच्यावर लिहिलेलं असतं कमरपट्टा आणि आपण फसतो.

दुसरं म्हणजे पट्टे लावायचा क्रम. सगळे पट्टे आधी ढिले करा. कमरपट्टा कमरेच्या हाडावर, बाजूला हात ठेवला की जे वरचं हाड लागतं ना त्याच्यावर मधोमध बसवा आणि आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण फक्त बॅग पाठीला टेकेल इतके. मग खांद्यावरून बॅगेच्या वरच्या कडेला जाणारे छोटे पट्टे असतील तर ते थोडे, आणि शेवटी छातीचा. बरोबर बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं आरामात सरकतात. पोटावर आवळला तर काही उपयोग नाही, पोट दबतं, श्वास लागतो आणि वजन परत खांद्यावर येतं.

सातपूर_शटर :
माझं थोडं वेगळं मत. मी लग्नं करतो, स्लिंग आणि दोन बॉडीचा खांद्याचा हार्नेस यांच्याशिवाय माझं चालतच नाही. बॅकपॅक काढून खाली ठेवा, चेन उघडा, लेन्स काढा, तोवर सप्तपदी संपलेली असते. पक्ष्यांचंही तेच ना, पक्षी थांबतोय थोडाच. कमरपट्ट्याची बॅग आरामाची असेल पण कॅमेरा आत आणि क्षण बाहेर असं होतं.

चढण_उतार :
सातपूर_शटर भाऊ, तुमच्या कामाला तुमचं बरोबर आहे. पण हॉलमध्ये तुम्ही बॅग कोपऱ्यात ठेवून फिरता, अंगावर दोनच बॉड्या. नांदूरला सगळं सामान अंगावर घेऊन चार तास. आणि पक्षी दिसायच्या आधीच कॅमेरा हातात असतो, बॅगेतून काढून हॅरियर कुणालाच मिळालेला नाही. तिथं बॅगेचं काम फक्त उरलेलं सामान निमूट वाहून नेणं.

सातपूर_शटर :
हे पटलं. शूट करायची बॅग आणि न्यायची बॅग वेगळी, असा विचार मी केला नव्हता.

पाठीचा_कणा :
मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकरोडलाच प्रॅक्टिस. फोटोग्राफी करत नाही पण खांदे रोज बघते म्हणून लिहिते.

एका खांद्यावर पट्टा आला की शरीर तो घसरू नये म्हणून तो खांदा नकळत वर उचलून धरतं. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तासन्‌तास आखडलेला राहतो, आणि कणा दुसऱ्या बाजूला कलतो. तुम्हाला जे भरून आलं ते हेच. दोन वेगवेगळ्या खांद्यांवर दोन पिशव्या घेतल्या म्हणजे तोल साधला असं वाटतं, पण मग दोन्ही खांदे वर उचललेले राहतात.

आता माप कसं घ्यायचं ते सांगते, कारण हे दुकानात कुणी विचारत नाही. मान खाली वाकवा, मानेच्या बुडाशी एक मणका बोटाला ठळक लागतो, तिथून सुरुवात. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे, दोन अंगठ्यांना जोडणारी सरळ रेघ कण्याला जिथं छेदते तिथं शेवट. मधलं अंतर शिंप्याच्या टेपनं दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घ्या. ही तुमच्या पाठीची लांबी. उंचीशी तिचा थेट संबंध नाही, सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. बॅगेत खांद्याचे पट्टे जिथून निघतात तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर याच्या जवळपास यायला हवं. बॅगेचं अंतर खूप कमी असेल तर कमरपट्टा पोटावर चढतो, जास्त असेल तर खांद्याच्या पट्ट्याला मागे पोकळी राहते आणि बॅग मागे खेचते.

वजनाचं म्हणाल तर, शाळेच्या दप्तराला २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातलीय. मोठ्या निरोगी माणसाला त्याहून थोडं जास्त चालतं, पण मान आधीच दुखत असेल तर मी १० च धरायला सांगेन. आणि दुखणं हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर बॅग नंतर, आधी कुणाला तरी दाखवा.

पाणथळ_वाट :
ताई, खूप आभार. मुंग्या नाहीत, नुसतं आखडलंय. बायकोनं टेपनं मोजलं, ४६ सेंमी आली. वजनही केलं, सगळं मिळून ८ किलो ४०० ग्रॅम, त्यात ट्रायपॉड १ किलो ९००. माझं वजन ६२. म्हणजे ट्रायपॉडशिवायच साडेसहा किलो होतात, १० टक्क्यांच्या थोडं वरच.

गोदाकाठ_जुना :
मग पहिला उपाय फुकट आहे, ट्रायपॉड घरी ठेवा. नांदूरला सकाळच्या उजेडात २००-५०० ला हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझर असताना ट्रायपॉड उघडायची वेळ कितीदा आली ते आठवून बघा. मनोऱ्याच्या कठड्यावर टेकवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी न्या, पण तांदूळ एका किलोच्या आतच भरा. किट लेन्स पण, धुक्यातला पाणवठा टिपायला मोबाइल पुरतो.

आणि मी कॅमेरा बॅग घेतलीच नाही. साधी ट्रेकिंगची सॅक, चांगल्या कमरपट्ट्याची, आणि तिच्या आत कॅमेऱ्याचा फोमचा डबा, म्हणजे वेल्क्रोच्या पार्टिशनचा तो चौकोनी इन्सर्ट मिळतो तो. ट्रेकिंगच्या सॅका पाठीसाठीच बनवलेल्या असतात, कॅमेरा बॅगा बऱ्याचदा कप्प्यांसाठी बनवलेल्या असतात. शिवाय एसटीत, गर्दीत कुणाला कळत नाही आत काय आहे. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर मी हीच सॅक पोटावर लावून फिरलो, २०२७ ला पण तेच करणार. तोटा एक, वरून उघडणारी सॅक असेल तर खालचं काढायला सगळं उपसावं लागतं, म्हणून समोरून पूर्ण चेन असलेली बघा.

सिडकोची_सई :
रहाडीला, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या पाण्याच्या हौदाला, काय नेता हो गोदाकाठ काका? यंदा रंगपंचमीला शनि चौकात जायचंय.

गोदाकाठ_जुना :
सई, रहाडीला बॅगच नको. वरून धप्पा मारला की रंगाचं पाणी कुठवर उडतं याचा अंदाज येत नाही. एक बॉडी, एकच लेन्स, वरून रेनकव्हर, बॅटरी आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात. लेन्स तिथं बदलायची नाही म्हणजे नाही. लांब उभी राहून कुणाच्या तरी गच्चीवरून सगळ्यात चांगले फोटो येतात, आधी जाऊन घरच्यांना विचारून ठेव, जुन्या नाशकातले लोक नाही म्हणत नाहीत.

कंदीलपुष्प :
मी अंजनेरीला ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांसाठी जाते, १०० मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची लेन्स घेऊन, तिथलं कंदीलपुष्प शोधायला गुडघ्यावर बसूनच चालावं लागतं. दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

पहिली, बायकांसाठी. माझी पाठ ४० सेंमी आहे आणि बाजारातल्या जवळजवळ सगळ्या कॅमेरा बॅगा मला लांब पडतात. पाच वर्षं मी मानत राहिले की आपल्यातच ताकद कमी आहे. मग एका मैत्रिणीची बायकांसाठीची ट्रेकिंग सॅक घालून बघितली, खांद्याचे पट्टे छातीवर आत वळून परत बाहेर येणारे, कमरपट्टा कमरेच्या उताराला धरून, आणि तेच सामान निम्मं वाटलं. त्या दिवशी मला खरोखर राग आला, की इतकी वर्षं काखेत काचणारे सरळ पट्टे सहन केले. सई, तू घेशील तेव्हा हे आधी बघ.

दुसरी, बॅग उघडते कुठून. ज्या बॅगेची चेन बाहेरच्या बाजूला असते ती खाली ठेवताना पाठीची बाजू चिखलात जाते, आणि मग तोच चिखल पाठीला. ज्या बॅगा पाठीच्या बाजूनं उघडतात, लोवप्रोची फ्लिपसाइड त्या प्रकारची, त्या बाहेरच्या बाजूवर ठेवायच्या, पाठ कोरडी राहते. आणि कमरपट्टा तसाच लावलेला ठेवून खांदे काढायचे, बॅग फिरवून पोटाशी आणायची आणि तिथंच ट्रेसारखी उघडायची. अंजनेरीला पावसात जमिनीवर ठेवायला कोरडी जागाच नसते तिथं हे फार कामी येतं. गर्दीतही मागून कुणी चेन उघडू शकत नाही. फक्त कमरपट्टा मजबूत हवा, नाहीतर बॅग पुढे लोंबते.

पाणथळ_वाट :
कंदीलपुष्प ताई, फ्लिपसाइडचा प्रकार मला माहीतच नव्हता. एक शंका, लेन्स बॉडीला लावूनच ठेवता येते का? नांदूरला वाऱ्यात धूळ उडते, तिथं लेन्स बदलायची भीती वाटते.

कंदीलपुष्प :
लावूनच ठेवा. तुमची लेन्स जवळजवळ २७ सेंमी आहे, बॉडी लावली की ३४ धरा, लेन्सच्या तोंडावरचं हूड उलटं बसवलं तर वर थोडं अजून. म्हणजे आतली मोकळी लांबी ३८-४० सेंमी हवी. बॅगेवर बाहेरचं माप छापलेलं असतं, आतलं नीट वाचा. आणि लेन्स उभी, कण्याच्या रेषेत, पाठीला लागून बसू दे. जड वस्तू पाठीपासून जितकी लांब तितकी बॅग मागे ओढते.

हरिहरवाला :
हरिहरबद्दल एवढंच सांगतो. निरगुडपाड्याहून गेलात की त्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत लागतात, म्हणजे गळ्यात लोंबणारा कॅमेरा, हातातला ट्रायपॉड, बाजूला डुलणारी स्लिंग, तिन्ही चालत नाहीत. आणि दरवाजानंतर कातळात कोरलेली जी वाट आहे तिथं वाकून जावं लागतं, डोक्यापेक्षा उंच बॅग वर घासते. मागच्या वर्षी बाजूला बांधलेला माझा ट्रायपॉड कातळाला अडकला आणि मी एका बाजूला खेचला गेलो, मागचा माणूस जवळ होता म्हणून सावरलो. तेव्हापासून ट्रायपॉड बाजूला बांधत नाही. हरिहरला २००-५०० नेऊच नका, छोटी लेन्स, छोटी बॅग, आणि गर्दीचा रविवार टाळा.

बुरशीमुक्त :
सगळे पाठीबद्दल बोलताय, आता बॅगेच्या आतल्याबद्दल. मी ३ वर्षांपूर्वी जूनमध्ये बॅग बंद करून कपाटावर ठेवली, सप्टेंबरात उघडली तर मॅक्रो लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करून आणली पण काचेवरचा थर खायचा तो खाल्लाच. फोम ओलावा धरून ठेवतो, वरून त्र्यंबक इगतपुरीच्या पावसात फिरून आलेली बॅग, आत अंधार आणि वारा नाही, बुरशीला अजून काय पाहिजे.

म्हणून बॅग ही न्यायची वस्तू आहे, साठवायची नाही. घरी आलं की सामान बाहेर, बॅग उघडी करून पंख्याखाली. लेन्स हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून, आत छोटा आर्द्रता मीटर ठेवा, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, त्या निळ्या रंगात विषारी रसायन असतं, वेगळं जुनं भांडं ठेवा.

घेताना अजून एक बघा, पट्टा जिथं बॅगेला शिवलाय तिथं चौकोन आणि मध्ये फुली अशी शिलाई आहे का. सगळा भार तिथंच येतो. आणि चेन कोपऱ्यात अडकत नाही ना ते भरलेल्या बॅगेवर दहा वेळा ओढून बघा. रिकाम्या बॅगेची चेन कुठलीही छान चालते.

पाणथळ_वाट :
बाईकचं पण कुणी सांगाल का? मी आत्तापर्यंत टाकीवर ठेवायचो.

सातपूर_शटर :
टाकीवर नको, पाठीवरच. आपलं अंग झटके पचवतं, टाकी नाही पचवत. २०२१ मध्ये अॅपलनंच सांगितलं होतं की बाईकच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझर बिघडू शकतं, आणि तुमच्या लेन्सच्या आतही तसेच हलणारे भाग आहेत. फक्त मागच्या सीटवर बॅगेचं बूड टेकेल इतके पट्टे ढिले करा, तेवढा वेळ खांद्यालाही आराम.

पाणथळ_वाट :
मंडळी, शनिवारी सगळं सामान घेऊन दुकानात गेलो. तिथल्या दादांना सरळ सांगितलं की भरून, घालून, चालून बघणार, ते हो म्हणाले. तीन बॅगा बघितल्या.

पहिली दिसायला सगळ्यात देखणी, अकरा कप्पे, पट्ट्यांचा फोम गादीसारखा मऊ. दुकानात शिरल्या शिरल्या हीच घेणार होतो. पण सामान भरून जिना चार वेळा चढलो-उतरलो तर तोच मऊ फोम दबून पट्टा दोरीसारखा खांद्यात रुतला, आणि कमरपट्टा म्हणजे चढण_उतार दादा म्हणाले तीच एक इंचाची पट्टी. दुसरी पाठीकडून उघडणारी, लेन्स बॉडीसकट नीट बसली, फोम दाबून बघितला तर घट्ट, आणि कमरपट्टा खराच हाडावर आला. तिसऱ्या बॅगेत माझ्या ४६ ला पट्टा पोटावर चढत होता.

दुसरी घालून वीस मिनिटं दुकानात आणि बाहेर फुटपाथवर फिरलो. सुरुवातीला कमरेला वजन जाणवलं, सवय नाही म्हणून विचित्र वाटलं, पण खांदे मोकळे होते, मान दोन्हीकडे वळत होती. घेतली. साडेसात हजाराला पडली, रेनकव्हर आतच आहे. त्यात डबा मावत नाही ही एक अडचण, डबा वेगळ्या पिशवीत मित्राकडे.

आणि आज नांदूरला जाऊन आलो. ट्रायपॉड आणि किट लेन्स घरी ठेवली, तांदळाची पिशवी नेली, पाठीवर साडेसहा किलोच्या आत. सव्वासहा ते अकरा, बॅग फक्त चहाला काढली. शेवटच्या तासात, म्हणजे मागच्या वेळी मी ज्या तासात बसून होतो त्याच तासात, बंधाऱ्याच्या कडेनं पुढे चालत गेलो आणि जांभळ्या पाणकोंबडीची जोडी अगदी काठाला मिळाली, पिल्लांना काहीतरी भरवत. हात स्थिर होता. फोटो उद्या टाकतो.

पाठीचा_कणा :
छान. तरी दर तासाला बॅग उतरवून दोन मिनिटं खांदे मागे फिरवा. आणि जुनी स्लिंग कुणाला देणार असाल तर किट लेन्सवाल्याला द्या, २००-५०० वाल्याला नको.

सिडकोची_सई :
स्लिंग मला चालेल दादा, माझ्याकडे कॅननचा १५०० डी आणि किट लेन्सच आहे अजून.

पाणथळ_वाट :
सई, घेऊन जा, पैसे नको. येत्या रविवारी परत चाललोय, पहाटे पाचला नाशकातल्या द्वारका सर्कलवरून मित्राची गाडी निघेल, दोन जागा आहेत. स्लिंग तिथंच देतो. चढण_उतार दादा, तुम्ही येणार असाल तर पट्टे एकदा तुमच्या हातानं लावून बघायचेत.

चढण_उतार :
येतो. पाचला म्हणजे पावणेपाचला उभा असेन.